झेक संगीत : व्हायोलिन आणि पियानो

आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचे टोक पावलावर टेकवितो आणि गळ्यातले गाणे मींड घेत तारेवर उतरवितो. युरोपात तो उभा राहतो, वाद्य हनुवटीखाली धरतो, आणि शेजारी पियानो असतो. हा पियानो म्हणजे आपल्या मैफलीतील पेटीची साथ, अशा समजुतीने ऐकावयास बसल्यास अर्धे संगीत निसटून जाते. ‘सोनाटा’ या रचनेत दोन्ही वाद्यांचा मान सारखाच असतो. एकाने मांडलेली स्वरपंक्ती दुसरे उचलते, तिला निराळा रंग देते, प्रसंगी तिच्याशी वादही घालते. पियानोला मींड साधत नाही. पण एकाच वेळी अनेक स्वर त्यावर सहज वाजतात.

हे संगीत झेक लोकांच्या रक्तात भिनले ते शाळेतून. बोहेमिया व मोराविया हे प्रांत १९१८ पर्यंत हाब्सबुर्ग सत्तेखाली होते. कचेरीची व उच्च शिक्षणाची भाषा बहुतांशी जर्मन. मात्र खेडोपाडी शाळामास्तरच चर्चमध्ये ऑर्गन वाजवी आणि मुलांना संगीत शिकवी. चार्ल्स बर्नी हा इंग्रज प्रवासी १७७२ साली चास्लाव गावच्या शाळेत गेला, तेव्हा सहा ते दहा-अकरा वर्षांची मुलेमुली लिहिता-वाचताना आणि व्हायोलिन वाजविताना त्याला दिसली. गोमंतकीय वाचकाला येथे चर्चच्या शाळांतील मेस्त्री आठवल्यावाचून राहणार नाहीत.

अन्तोनीन द्वोर्झाक (१८४१–१९०४) हा अशाच गावचा, खाटकाचा मुलगा. त्याचे पहिले व्हायोलिनचे धडे गावच्या मास्तरांजवळ झाले. पुढे कीर्ती मिळून १८९२ साली तो न्यूयॉर्कच्या संगीत विद्यालयाचा प्रमुख झाला. दुसऱ्या वर्षी, १९ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या पंधरवड्यात, त्याने व्हायोलिन व पियानो यांसाठी एक ‘सोनाटिना’, म्हणजे छोटा सोनाटा, लिहिला. त्याची ‘नव्या जगातून’ ही सिंफनी त्याच डिसेंबरात कार्नेगी हॉलमध्ये प्रथम वाजली. साऱ्या शहराचे लक्ष तिकडे. आणि हा गृहस्थ रचना करीत होता आपल्या मुलांसाठी! ओतिली पंधरा वर्षांची, धाकटा अन्तोनीन दहा. आपल्या रचनांतील शंभरावा क्रमांक त्याने मुद्दाम मुलांच्या या कृतीस दिला. दुसऱ्या भागातील विषण्ण धून मिनेसोटातील मिनेहाहा धबधब्यापाशी सुचली आणि कागद नसल्याने शर्टाच्या बाहीवर टिपली, असे सांगतात. मुलांसाठी म्हणून त्याने तीत काही पातळ केलेले नाही. मधेच ती धून उजळते व पुन्हा काळवंडते; तो क्षण चुकवू नये. ओतिलीने पुढे १८९८ साली वडिलांचा शिष्य, संगीतकार योसेफ सुक याच्याशी विवाह केला, आणि १९०५ साली, वडिलांच्या मागून चौदा महिन्यांनी, ती वारली.

बेद्रिच स्मेतानाने १८८० साली ‘मायभूमीतून’ या नावाने दोन रचना लिहिल्या, तेव्हा त्याला बहिरा होऊन सहा वर्षे झाली होती. त्यांतील नाचाचे ठेके त्याने केवळ मनातच ऐकले.

लेओश यानाचेक (१८५४–१९२८) मात्र कानावरच जगे. बाजारातील बायका, रस्त्यावरची मुले कशी बोलतात त्याचे चढउतार तो वहीत स्वरलिपीत टिपून ठेवी. म्हणून त्याच्या रचनेत लांबलचक आलाप थोडे; तुटक, घाईची वाक्ये फार. त्याने १९१४ साली महायुद्ध पेटताच सोनाटा हाती घेतला. रशियन फौजा येतील आणि आपली भूमी मुक्त होईल, ही त्याची आशा. अखेरच्या भागात पियानो उंच स्वरांत थरथरतो, ते त्या फौजांचे हंगेरीत शिरणे असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. फौजा आल्याच नाहीत. स्वातंत्र्य आले ते निराळ्या वाटेने, चार वर्षांनी. सोनाटा तो पुन्हा पुन्हा बदलीत राहिला. १९२२ साली ब्रनो येथे तो प्रथम लोकांपुढे वाजला. त्यात विजयाचा घोष नाही. पियानो प्रार्थनेसारखी संथ धून धरतो, व्हायोलिन मधूनमधून तेच तुटक स्वर पुटपुटते, आणि दोघेही हलकेच थांबतात.