मानवनिर्मित मूलद्रव्ये

सोने, तांबे, लोखंड ही मूलद्रव्ये मानवाने भूगर्भातून मिळविली. निसर्गाने मूलद्रव्य द्यावे आणि मानवाने ते शोधून काढावे, हाच क्रम हजारो वर्षे चालत आला. १९३७ साली मात्र हा क्रम प्रथमच पालटला.

रशियन शास्त्रज्ञ मेंडेलेयेव्ह याने १८६९ साली मूलद्रव्यांचे कोष्टक मांडले व अज्ञात मूलद्रव्यांसाठी त्यात काही जागा रिकाम्या सोडल्या. गॅलियम, जर्मेनियम यांच्या शोधाने त्यांतील काही जागा भरल्या. परंतु त्रेचाळिसावी जागा काही केल्या भरेना. अनेकांनी खनिजे धुंडाळली, पण व्यर्थ!

अणुकेंद्रात प्रोटॉन किती, यावरून मूलद्रव्य ओळखले जाते. मॉलिब्डेनम या धातूच्या अणुकेंद्रात ४२ प्रोटॉन असतात. त्यात आणखी एकाची भर पडली, की त्रेचाळिसावे मूलद्रव्य सिद्ध होते. अमेरिकेत बर्कले येथे लॉरेन्स याच्या सायक्लोट्रॉन यंत्रातील मॉलिब्डेनमच्या पत्र्यावर वेगवान कणांचा मारा होत असे. तो पत्रा त्याने इटलीतील पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे याच्याकडे पाठविला. सेग्रे व कार्लो पेरिये यांनी त्या पत्र्याचे कसोशीने पृथक्करण केले. त्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या अत्यल्प प्रमाणात ते मूलद्रव्य आढळले! पुढे त्यास ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘टेक्नेशियम’ हे नाव मिळाले.

नैसर्गिक व कृत्रिम मूलद्रव्यांत मग भेद कोणता? निसर्गाचे नियम दोहोंना सारखेच लागू असतात. भेद आहे तो आयुष्याचा. युरेनियम किरणोत्सर्गी असूनही त्याचे निम्मे अणू नष्ट होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. म्हणून ते अद्याप खाणीत सापडते. टेक्नेशियमच्या सर्वांत टिकाऊ प्रकाराचे निम्मे अणू मात्र सुमारे ४२ लाख वर्षांतच नाहीसे होतात. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे! तिच्या जन्मकाळचे टेक्नेशियम आज कोठून उरणार? युरेनियमच्या अणूंचे विभाजन होऊन खनिजात त्याचा केवळ लेशमात्र अंश निर्माण होतो. ११८ व्या क्रमांकाच्या ओगॅनेसॉनचे अणू तर क्षणार्धात नष्ट होतात.

परंतु अल्पायुषी ते निरुपयोगी, असे मात्र नव्हे. टेक्नेशियमच्या एका प्रकाराचे निम्मे अणू सहा तासांतच क्षय पावतात. तो अल्प मात्रेत रुग्णास टोचून त्याच्या किरणांच्या साहाय्याने हृदय, अस्थी इत्यादींची चित्रे घेतात. काम होताच त्याचा प्रभाव त्वरेने ओसरतो. अल्प आयुष्य हाच त्याचा गुण ठरला आहे.