टाचेची भेग : आधी पाय तपासा, मग मलम निवडा

टाचांना भेगा पडणे हा आजार आहे असे आपल्या वस्त्यांत कोणी मानत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आम्ही आरोग्य तपासणीला बसतो तेव्हा बाया खोकला सांगतात, कंबर सांगतात, पण पायाचे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. "ते तर असायचंच," म्हणतात. हे पाय कराड-वाळव्याच्या उसात, तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागेत, सांगलीच्या हळदीच्या कामावर, माण-खटाव-जतच्या तापलेल्या मातीत आणि पाटण-जावळीच्या भातखाचरात राबणारे आहेत. भेग खोल गेली की पाय टेकवत नाही. पाय टेकवला नाही की त्या दिवसाची हजेरी बुडते. म्हणून हा नटण्यामुरडण्याचा विषय नाही, मजुरीचा आणि आरोग्याचा आहे.

अलीकडे घरातल्या मुली मोबाइलवर बघून आईसाठी क्रीम, मलम, पाय सोलणारे मोजे मागवतात. त्यातले काय उपयोगाचे, काय धोक्याचे आणि काय नसले तरी चालेल, ते या वेळी पाहू.

भेग का पडते?

अंगावरच्या बाकी कातडीला आतून थोडे तेल मिळते. तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात, फक्त घामाच्या असतात. अनवाणी चालून किंवा मागून उघड्या चपलेत दिवसभर उभे राहून टाचेवर दाब पडतो आणि तिथली कातडी जाड होत जाते. ऊन, धूळ, सिमेंट, धुण्याची पावडर तिच्यातला ओलावा ओढून घेतात. उभे राहिल्यावर टाच कडेने पसरते, पण वाळलेली जाड कातडी ताणली जात नाही. मग ती कडेला फाटते. वाळलेल्या तळ्याचा गाळ तडकतो, तसेच.

म्हणजे इलाजही सरळ आहे. ओलावा द्यायचा, जाडी कमी करायची आणि ओलावा टिकवायचा.

पायाची काळजी ही चैन नाही

विनयपिटकातल्या महावग्गात या दुखण्याची नोंद आहे. आयुष्मान पिलिंदवच्छ यांचे पाय फुटले होते, तेव्हा भगवान बुद्धांनी भिक्खूंना पायाला तेल-मलम लावण्याची अनुमती दिली. सोण कोळिविस यांचे पाय चंक्रमण करून रक्ताळले, तेव्हा त्यांना एका तळाची पादत्राणे घालायला सांगितले. सोण म्हणाले, मला एकट्याला नको. मग ती अनुमती साऱ्या संघाला मिळाली. आपल्या आजोबा-पणजोबांना मात्र गावच्या वाड्यापुढून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. त्यामुळे पायात चांगली चप्पल असणे आणि रात्री पायाला तेल लावणे यात संकोच वाटायचे काही कारण नाही.

कोणती वस्तू काय काम करते?

*खोबरेल तेल* : कातडी मऊ करते आणि ओलावा उडू देत नाही. घरात असतेच. साध्या भेगांना रोज लावले तर पुरते.

*पेट्रोलियम जेली* : ही स्वतः ओलावा देत नाही, असलेला कोंडून ठेवते. म्हणून कोरड्या पायाला चोपडून फारसा फरक पडत नाही. पाय धुऊन, ओलसर असतानाच लावायची. आमच्या मते पैशाच्या हिशोबाने सर्वांत कामाची वस्तू हीच.

*कोकम तेल आणि मेण* : बाजारात कोकम तेलाचे घट्ट गोळे मिळतात. थोडे गरम करून भेगेत भरतात. मेण खोबरेलात वितळवून केलेले मलमही तसेच काम करते. जुने आणि चांगले उपाय आहेत. मात्र कढत कढत भेगेत ओतू नका, आधी कोमट होऊ द्या.

*युरियाचे क्रीम* : हा युरिया शेतातला नव्हे, औषधाच्या दुकानातला. शेतातले खत पायाला कधीच लावू नका. ट्यूबवर टक्केवारी लिहिलेली असते. १० टक्क्यांचे क्रीम ओलावा धरते. २० ते २५ टक्क्यांचे जाड कातडी सैल करते. तेलाने भागले नाही तर हे घ्यावे. उघड्या, रक्ताळलेल्या भेगेत ते झोंबते, त्यामुळे आधी जखम भरू द्या.

*सॅलिसिलिक आम्लाचे मलम आणि कॉर्न कॅप* : ही कातडी विरघळवणारी औषधे आहेत. कुरपावर चिकटवायच्या कॅपमध्ये हे आम्ल बहुधा ४० टक्के असते. ते चांगली कातडीही खाते. साखरेचा त्रास असलेल्यांनी हात लावू नये.

*पाय सोलणारे मोजे* : यात फळांपासून मिळणारी किंवा तशीच आम्ले असतात. आठवडाभराने कातडी पापुद्र्याने निघते आणि खाली कोवळी कातडी उघडी पडते. बसून काम करणारीला चालेल. उसाच्या खोडव्यातून चालणाऱ्या बाईला ती जाड कातडी थोडी हवीच असते. आमचा सल्ला, यावर पैसे घालू नका.

*खाजेची कुठलीही ट्यूब* : अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. पायाला बुरशी असेल तर दोन दिवस बरे वाटते, नंतर ती आणखी पसरते. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

ब्लेडने कापणे, रॉकेल, चुना किंवा झटपट चिकटणारा गोंद भेगेत भरणे पूर्ण बंद करा. गोंदाने घाण आतच कोंडली जाते.

रोजची पद्धत

१. रात्री कामे आटोपल्यावर पाय कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे बुडवा. साधे पाणी पुरे.

२. आठवड्यातून दोनदा वजरीने किंवा खरबरीत दगडाने हलके घासा. एका दिवसात सगळे काढायला जाऊ नका. कातडी लाल व्हायच्या आत थांबा. वजरी ज्याची त्याची वेगळी ठेवा, नाहीतर एकाची बुरशी घरभर जाते.

३. पाय टिपून घ्या आणि लगेच तेल किंवा जेली लावा. बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

४. जुने सुती मोजे घालून झोपा. तेलकट पायाने फरशीवर चालू नका, घसराल.

भेगेतून रक्त येत असेल तर घासणे बंद. साबण-पाण्याने धुवा, जेली लावून स्वच्छ कापड बांधा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का ते पाहा. हे रोज केले तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. महिन्याभरात दिसला नाही तर ते नुसते कोरडेपण नसेल. बुरशी, सोरायसिस किंवा थायरॉइडचा त्रास असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

जी भेग दुखत नाही, तिची भीती धरा

या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दुखणारी भेग माणसाला थांबवते. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात नसा मेल्या की भेग दुखत नाही. माणूस तिच्यावर चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते आणि शेवटी बोट किंवा पाय कापावा लागतो. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात असा समज होता. वेदना कळत नसल्यामुळे होणाऱ्या जखमांनी ती जातात, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले.

म्हणून कुठलेही मलम आणण्याआधी घरीच ही तपासणी करा. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना आपल्या बोटाने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. स्पर्श कळला की त्यांनी डावा की उजवा ते सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथे तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना फार त्रास दिला, हे आपण जाणतो.

अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर तो लपवू नका. कुष्ठरोगाचे औषध सरकारी केंद्रात मोफत आहे आणि आजार पूर्ण बरा होतो. बधिर पायांसाठीच्या मऊ तळाच्या, एमसीआर रबराच्या चपलाही मिळतात. तशी मागणी करा. मिरजेचे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय याच कामासाठी आहे.

मधुमेह असलेल्यांनी पाय पाण्यात बुडवून ठेवू नयेत. नुसते धुऊन, पुसून तेल लावावे. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने हात घालून पाहावे. वजरी, ब्लेड, कॅप काहीच वापरू नये. रोज तळपाय आरशात किंवा नातवाकडून बघून घ्यावा. फोड, काळेपणा, सूज, वास किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आपल्यासाठीच आहे.

चप्पल, बूट आणि पुराचे पाणी

दिवसा पाय तसाच राहिला तर रात्रीचे मलम अर्धेच काम करते. टाच झाकणारी किंवा मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. चिखलात गमबूट हवा. कोयता जसा कामाचा, तसाच बूटही कामाचा. तो मुकादमाकडे, बागायतदाराकडे एकटीने न मागता टोळीने मागा. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी आपल्या वस्त्यांत शिरले. अशा पाण्यात जनावरांचे मूत्र मिसळते आणि भेगेतून लेप्टोचे जंतू शरीरात जातात. पुरातून चालावे लागले तर नंतर पाय साबणाने धुवा. ताप आला तर पाण्यात चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. वस्तीतल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाची सहा बोटांची तपासणी करा. ज्यांना स्पर्श कळला नाही त्यांची नावे वहीत लिहा आणि त्यांना एकटे न पाठवता कोणीतरी सोबत केंद्रावर जा.