दोन आकाशकांची समकला जोडणी

हौशी रेडिओ चालकाचा संदेश दूरवर पोहोचत नसेल, तर प्रेषकाची शक्ती वाढविणे हा एकच उपाय नव्हे. जपानमधील सेंदाई येथे शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास मांडलेल्या दिशिक आकाशकाची, म्हणजे अँटेनाची, एकसारखी जोडी एकाच खांबावर एकावर एक बसविली, तर समोरच्या दिशेने जाणारी शक्ती जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे ३ डेसिबेलने वाढते. शिवाय शलाका उभ्या प्रतलात अरुंद झाली, तरी आडव्या प्रतलात ती पूर्वीइतकीच रुंद राहते.

हा लाभ मिळण्यास एक अट आहे. दोन्ही आकाशकांतून निघणारे तरंग समकला असले पाहिजेत, म्हणजेच एकाचा उंचवटा व दुसऱ्याचा उंचवटा एकाच क्षणी यावयास हवा. दोन माणसांनी झोपाळ्याला एकाच वेळी झोका दिला तर तो उंच जातो. एकाने पुढे व दुसऱ्याने मागे ढकलले तर तो जागच्या जागी थांबतो. येथेही तसेच घडते.

१४५ मेगॅहर्ट्झ कंप्रतेचे उदाहरण घेऊ. हवेतील तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर असते. भरीव पॉलिएथिलीन असलेल्या केबलमध्ये तरंगाचा वेग प्रकाशवेगाच्या ०.६६ पट असल्यामुळे तीच लांबी १.३७ मीटर भरते. म्हणून दोन केबलींच्या लांबीत एका सेंटिमीटरचा फरक पडला, तर कलेत सुमारे अडीच अंशांचा फरक पडतो. ४३५ मेगॅहर्ट्झला तोच फरक तिप्पट होतो. यास्तव दोन्ही तुकडे एकाच गुंडाळीतून, सारख्या मापाचे कापावेत.

आता संरोधाचा प्रश्न. ५० ओहमचे दोन आकाशक नुसते समांतर जोडले तर २५ ओहम होतात, आणि ते ५० ओहमच्या मुख्य केबलशी जुळत नाहीत. परंतु प्रत्येक आकाशकापासून ७५ ओहमची, पाव तरंगलांबीच्या विषम पटीतील केबल आणल्यास ५० ओहमचे ११२.५ ओहम होतात (७५ चा वर्ग भागिले ५०). असे दोन समांतर जोडले की ५६ ओहम मिळतात. हे पुरेसे जवळ आहे. पाव तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, म्हणजे फारच आखूड पडते. म्हणून तिची पाचपट, १.७१ मीटर घ्यावी.

सर्वांत फसवी चूक मात्र वेगळीच आहे. एका आकाशकाच्या चालित घटकाला केबलचा मधला धागा डाव्या बाजूस व दुसऱ्याला उजव्या बाजूस जोडला गेला, तर कला १८० अंशांनी उलटते आणि नेमक्या समोरच्या दिशेनेच शक्ती नाहीशी होते. स्थिरतरंगमापक यावेळीही समाधानकारक आकडा दाखवितो, कारण शक्ती परत येत नाही. ती भलत्याच दिशेला जाते. तेव्हा केवळ मापकावर विसंबू नये. दूरच्या एखाद्या स्थिर केंद्राचा संदेश प्रथम एका आकाशकावर व मग जोडीवर ऐकावा. जोडीवर तो क्षीण झाला, तर खांबावर चढून एका आकाशकाची जोडणी उलटी करावी.