स्लॅबची जाडी आणि डांबराचं ओझं
कोलकात्याहून बराकपूरला जाणाऱ्या बी. टी. रोडवरचा टाला पूल 2019 च्या सप्टेंबरअखेर बस-ट्रकना बंद झाला, पुढच्या जानेवारीअखेर सगळ्याच वाहनांना. पाडून बांधलेला नवा पूल खुला व्हायला 2022 चा सप्टेंबर उजाडला. अशी बंदी आणणाऱ्या पूल-तपासण्यांना जोर चढला तो कोलकात्यातल्याच माझेरहाट पुलामुळे. 4 सप्टेंबर 2018 ला तो पूल कोसळला आणि कारणांच्या चर्चेत वर्षानुवर्षं चढत गेलेल्या डांबराच्या थरांचा भार ठळकपणे पुढे आला. म्हणून नव्या अभियंत्यांना माझं सांगणं एकच: स्लॅबची जाडी तीस वर्षांनंतरच्या पुलासाठी ठरवा.

200 मिमी हा आपल्याकडचा रूढ किमान आकडा. त्यातले कामाचे किती? 40 मिमी कव्हर आणि 16 मिमी गजाचा अर्धा व्यास वजा केला, की परिणामकारक खोली उरते 152. गर्डरवरची गजांची वरची जाळी काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली 20 मिमी दबली, तर 132. म्हणजे तिथली ताकद साधारण आठव्या हिश्शाने गेली, आणि नकाशात आकडा 200 चाच! जाळीखाली आधाराच्या पुरेशा खुर्च्या हव्यातच, पण 225 चा स्लॅब घेतला तर जाळी तेवढीच दबूनही 157 उरतात. शिवाय कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 200 चे 225 केले की तो सुमारे 42 टक्क्यांनी जास्त. जपाननेही पातळ स्लॅब अवजड ट्रकांखाली फुटताना पाहिले आणि मग नियमांत जाडी वाढवली.

यावर पहिला आक्षेप वजनाचा, आणि तो खराच आहे. 25 मिमी जादा काँक्रीट म्हणजे चौरस मीटरमागे 62 किलोंहून अधिक, आणि त्याची किंमत गर्डर, बेअरिंग, पाया सगळेच मोजतात. लांब गाळ्यात मी गर्डर जवळ आणून पातळ स्लॅबच पत्करेन. पण 50 मिमी डांबराचे 110 किलो होतात, तेही डिझायनरला न विचारता, आणि त्यातून ताकद काहीच मिळत नाही. दुसरा आक्षेप, वरच्या ग्रेडचं काँक्रीट वापरा. त्याने कडकपणा जेमतेम वाढतो, आणि सिमेंट वाढलं की आकुंचनाच्या भेगांची भीती. तिसरा अधिक मुद्द्याचा: डांबराचा जुना थर खरवडून नवा टाकला तर ओझं वाढेलच कशाला? जरूर खरवडावा. मात्र दुर्गापूजेआधीच्या घाईत थरावर थर चढवणंच सोपं पडतं, आणि खरवडलंच तर मशीनचे दात कव्हरही सोलू शकतात. नकाशावरच थराची कमाल जाडी लिहून ठेवा, आणि तपासणीत कर्बची उंची मोजा. नकाशात रस्त्यापासून 225 मिमी असलेला कर्ब जागेवर 100 भरला, तर 125 मिमी जादा डांबर चढलंय. चौरस मीटरमागे पावणेतीनशे किलो.