न पाहिलेल्या मुलासाठी



१५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन. त्याच्या जवळच्या रविवारी चर्चमध्ये खास वर्गणी घ्यावी आणि तिचा काही भाग संशोधनाला द्यावा, असे आम्ही पॅरिश कौन्सिलमध्ये सुचवले. मिस्सानंतर एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "फादर, आजारी पोर समोर असताना प्रयोगशाळेला कशाला पैसे? त्याच्या औषधाला द्या ना." प्रश्न रास्त आहे. उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

मुलांना सर्वांत जास्त होणारा कर्करोग रक्ताचा, म्हणजे ल्युकेमिया. १९४७ पर्यंत त्यावर औषधच नव्हते. बहुतेक मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. त्या वर्षी अमेरिकेत बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन पाहिले. हे औषध ज्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातले, भीमावरमचे. पेशींना वाढायला फॉलिक अ‍ॅसिड लागते. हे औषध दिसायला तसेच, पण खोट्या किल्लीसारखे कुलपात अडकून बसते आणि पेशीची वाढ थांबवते. १९४८ साली निकाल छापून आला: सोळांपैकी दहा मुलांत सुधारणा. पण ती टिकली नाही. आजार परत आला.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा कांटचा विचार आम्ही सेमिनरीत घोकला होता. मग त्या सोळा मुलांचे साधन झाले का? पोरांना शांतपणे जाऊ द्या, असे तेव्हा काही डॉक्टरही म्हणत होते. औषध त्या मुलांच्याच भल्यासाठी दिले होते, एवढे आम्ही म्हणू शकतो. तरी तो प्रश्न आमच्या मनातून पुरता गेलेला नाही. आज आपल्या देशात नैतिकता समितीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती लागते. सात वर्षांवरच्या मुलालाही समजावून विचारावे लागते. हे नियम आम्हाला औषधाइतकेच मोलाचे वाटतात.

पुढे १९६२ साली संत ज्यूडचे भक्त असलेले नट डॅनी थॉमस यांनी लोकांच्या देणग्यांवर मेम्फिस शहरात बालरुग्णालय उघडले. तेव्हा या प्रकारच्या ल्युकेमियातून शंभरात जेमतेम चार मुले वाचत. डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र दिली, मेंदूभोवती लपणाऱ्या पेशींवरही उपचार केले, आणि १९७० च्या सुमारास निम्मी मुले बरी होऊ लागली. आज तिथे नव्वदहून अधिक होतात.

मग तेच उपचार इथे आणले की झाले, असे वाटेल. तसे होत नाही. आपल्याकडे मुले उशिरा येतात, पैसे संपले की उपचार मध्येच सुटतात, आणि जोरदार औषधांनी प्रतिकारशक्ती खाली गेली की जंतुसंसर्गानेच मूल जाते. म्हणून मुंबईचे टाटा मेमोरियल आणि कोलकाता, दिल्ली, चंदीगड, चेन्नई येथील केंद्रांनी २०१६ मध्ये एकत्र चाचणी सुरू केली. तिच्यातला एक प्रश्न असा: सुरुवातीच्या स्टेरॉइडचे आठवडे कमी केले तर मुलांचा त्रास घटेल का? औषध कमी वापरण्याच्या अभ्यासाला औषध कंपनी कशाला पैसे देईल? तो खर्च सरकारला नाहीतर तुम्हा-आम्हालाच करावा लागतो. आणि त्याचा उपयोग परळच्या फूटपाथवर बापाच्या मांडीवर झोपलेल्या पोरालाच होतो. प्रयोगशाळा आणि समोरचे मूल यांत आपल्या गृहस्थांना वाटते तेवढे अंतर नाही.

मात्र त्या बापाला आज जेवण, खोली आणि गावी परतायचे भाडे लागते, हेही खरेच. त्यामुळे वर्गणी पूर्ण संशोधनाला द्यावी असे आम्ही म्हणणार नाही.

पाकिटे दारातल्या टेबलावर आहेत. पाकिटावर 'रुग्ण' किंवा 'संशोधन' असे लिहावे. काही न लिहिल्यास रक्कम निम्मी-निम्मी केली जाईल. दोन्हींच्या पावत्या नोटीस बोर्डावर लागतील.