मे महिन्यातलं पांघरूण

चंद्रपूरचा मे महिना, पारा 45च्या वर. अशा रात्री मी कूलर बंद करायला लावला आणि सोलापुरी चादर ओढून घेतली. ह्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मी म्हटलं, "काही नाही हो, इथली हवाच अशी."

हे पालुपद मी दोन वर्षं घोळवत होते. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काळपट थर बसायचा, दांडीवरच्या कपड्यांना हात लावला की बोटांना राखड लागायची. त्यामुळे थकवा आला, केस गळाले, आवाज घोगरा झाला, तरी दोष हवेलाच. तो अगदीच खोटा होता असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली काढलेल्या 43 अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत आमचं गाव होतंच. पण दोष देऊन मी मोकळी झाले, रक्त मात्र तपासलं नाही. भाचीने जबरदस्तीने नेलं तेव्हा थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच 38 निघाला. तो साधारण 4च्या आत हवा; म्हणजे माझी थायरॉईड ग्रंथी मंदावली होती.

पुढची चूक याहून मोठी. वर्षभर थायरॉईडची गोळी घेतल्यावर लेकीकडे पुण्याला गेले. प्रदूषणाने थायरॉईड बिघडतो असं कुठेसं वाचलं होतं; मी हिशेब केला, हवा बदलली, आता गोळी कशाला? तीन महिन्यांत पायांवर सूज आली. तिथल्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "ताई, थायरॉईड पुण्याला आल्याने बरा होत नसतो."

त्यांनीच नीट सांगितलं. बोटाला लागते ती राखड जाडी; त्रासदायक ती 2.5 मायक्रॉनहून बारीक धूळ, डोळ्यांना न दिसणारी, फुप्फुसात खोल उतरणारी. तोंडावर बांधलेला दुपट्टा तिला अडवत नाही. अशा हवेत राहणाऱ्यांत, विशेषतः गरोदर बायकांत, थायरॉईडची संप्रेरकं कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. पण संबंध दिसणं वेगळं आणि तेच कारण ठरणं वेगळं. माझ्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं सापडली. म्हणजे शरीरच ग्रंथीवर उठलं होतं. त्यात धुळीचा वाटा किती, हे कोणी मोजून देणार नाही. हवेसाठी भांडायचं तर भांडाच. आपल्याकडे या धुळीची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना 5 म्हणते. फक्त ते भांडण मिटेपर्यंत गोळी थांबवू नका.

ती उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनंतर. मात्रा बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करा. दिवस राहिल्याचं कळलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. आयोडीनचे थेंब मनाने घेऊ नका, कधी कधी त्यानेच बिघडतं. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते रक्त देण्याआधी सांगा. मी सांगितलं नव्हतं. टीएसएच खोटाच कमी आला आणि माझी मात्रा उगाच घटवली गेली.

आता माझी गोळी पहाटे साडेपाचला आणि चहा साडेसहाला. कूलर पुन्हा रात्रभर चालतो.