क्लारनेटवर कानस चालवण्याआधी

लग्नसराई तोंडावर आली की संग्रामपूर, सोनाळा, टुनकी, वरवट बकाल या भागातल्या बँडवाल्यांची क्लारनेटं माझ्याकडे यायला लागतात. बोलणं ठरलेलं असतं : "भाऊ, संध्याकाळी वरात हाये, एवढं वाजतं करून द्या." वाद्य आधीच कुणीतरी 'दुरुस्त' केलेलं असतं, आणि माझा निम्मा वेळ ती दुरुस्ती उतरवण्यात जातो.

एक जुनं शिसमाचं क्लारनेट असंच आलं होतं. तोंडाजवळचं बॅरल तडकलं म्हणून कुणी खरादीवर नवं बनवून दिलेलं. काम वरून सुबक होतं, पण भोक जरा अरुंद पडलेलं. बॅरल आतून मोकळं करायचं सोडून त्या माणसानं वरच्या नळीची मान कानशीनं घासली होती. उन्हाळ्यात लाकूड आटलं, सांधा डुलायला लागला, मग त्यात एमसील भरलं. बॅरल काय, पुन्हा बनलं असतं. नळीची मान गेली ती गेली. तिच्यावरच्या स्वरांच्या भोकांची जागा दुसऱ्या लाकडात जशीच्या तशी उतरवणं हे आमच्यासारख्याचं काम नाही. म्हणून घासायचं ते नव्या भागाला. मूळ वाद्याला कानस लावायची नाही, मग एक सुटा भाग चार वेळा करावा लागला तरी चालेल.

हातानं भाग करायची वेळ का येते, हेही सांगतो. बँडच्या वाद्यांचं मोठं गाव मेरठ. तिथल्या जलीकोठीत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, नादिर अलींची कंपनी तर १८८५ पासूनची. सुटे भाग मागवता येतात. पण आपल्याकडच्या बँडमध्ये एक क्लारनेट जुन्या अल्बर्ट पद्धतीचं, दुसरं बोम पद्धतीचं, तिसऱ्याचा वरचा तुकडा एकाचा नि खालचा भलत्याचाच. चावीचे खांब प्रत्येकाचे वेगळ्या अंतरावर. तयार चावी बसवायची म्हणजे ती वाकवायची, आणि वाकवलेली पितळी चावी पुढच्या हंगामात मोडते.

तरी चावी करायला घेण्याआधी गळती शोधा. नळीची भोकं बोटांनी बंद करा, खालचं तोंड तळव्यानं दाबा आणि वरून हवा ओढा. ओढ क्षणभर टिकली पाहिजे. लगेच सुटली तर पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली ठेवून चावी मिटवा आणि पट्टी हळू ओढा. पॅडच्या चारी बाजूंनी हे करा. सगळीकडे पट्टी सारखी अडकायला हवी. जिथून सरकन निघते तिथून हवा जाते. 'चावी मोडली' म्हणून आणलेली चावी बहुतेक वेळा धडधाकट निघते, वाळून कडक झालेलं असतं ते पॅड.

पॅडसाठी लोकरीचं फेल्ट आणि त्यावर करडाचं पातळ कातडं घ्या. सायकलच्या ट्यूबचं पॅड पहिल्या दिवशी झकास बसतं, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ते भोकाला चिकटून बसतं. पॅड लाखेवर बसवावं, फेविक्विकवर नाही. लाख पुन्हा तापवून पॅड हलवता येतं. तापवायचं मात्र चावी वाद्यावरून उतरवूनच. क्लारनेट एबोनाइटचं असेल तर विशेष जपा. ते गंधक घालून कडक केलेलं रबर असतं. आच लागली की वास सुटतो आणि नळी वाकते.

स्प्रिंग तुटली तर शिवणकामाची सुई कामाला येते, पण पाकिटातली सुई जशीच्या तशी लावली तर ती कडकन तुटते, कारण ती फार कडक असते. पितळेच्या पत्र्यावर सुई ठेवून पत्रा खालून तापवा. सुईवर आधी पिवळट रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. निळा दिसला की तिथंच उचला. ती साधारण ३०० अंशांची खूण. करडी पडली तर मऊ झाली, फेकून द्या. नाकं तोडताना वर फडकं धरा, तुकडा डोळ्यात उडतो. मग जाड टोक हातोडीनं किंचित चपटं करायचं, म्हणजे खांबात घट्ट बसतं.

सनईवाल्यांचा प्रश्न निराळा. त्यांची पत्ती ज्या पितळी नळीवर बसते ती हरवते किंवा चेपते. पातळ पत्रा निमुळत्या सळईवर गुंडाळून सांध्याला डाग दिला की नवी होते. सोनार ते छान करून देतो. पण मूळ नळीची लांबी मोजून ठेवलेली असली पाहिजे. नवी थोडी लांब झाली तर सगळे स्वर सारखे उतरत नाहीत. तोंडाजवळच्या भोकांचे जास्त उतरतात. मग वाजवणारा 'भोकं चुकली' म्हणतो आणि कुणीतरी सनईवर गिरमिट चालवतो. चांगली सनई अशी गेलेली मी पाहिली आहे.

क्लारनेटचा माउथपीस मी करत नाही, तुम्हीही करू नका. पत्ती ज्या कडेवर टेकते तिचा बाक केसापेक्षा बारीक मापाचा असतो. तो विकतच घ्यावा.

राहता राहिलं लाकूड. अंबाबरवा इथून जवळ, तेव्हा 'टेंभुर्णीचा काळा गाभा आणून देतो' म्हणणारे भेटतात. टेंभुर्णी आबनूसाच्याच कुळातली, लाकूड मोहात पाडणारं असतं. पण अंबाबरवा हे अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथून काडी उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय ओलं लाकूड खरादीवरून उतरल्यावर फाटतं. मोडक्या पलंगाचा शिसमाचा पाय भंगारात मिळतो, कित्येक वर्षं वाळलेला. त्यात आधी लहान भोक पाडून ठेवा, एक पावसाळा जाऊ द्या आणि मगच मापाला आणा.